सुदाम्याच्या बाकाचा खर्च

महाराष्ट्रातून महाकालाच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला उज्जैनचा रिक्षावाला ठरलेली ठिकाणे दाखवतो. कालभैरव, गढकालिका, भर्तृहरी गुंफा, मंगळनाथ आणि सांदीपनी आश्रम. मंगळनाथाच्या वाटेवरच्या या आश्रमाच्या परिसराला अंकपात म्हणतात. कृष्णाने पाटीवरचे अंक इथल्या पाण्याने धुतले अशी श्रद्धा आहे, आणि एक ते शंभर आकडे कोरलेला दगडही भाविकांना दाखवला जातो. गोमती कुंड आहे, वल्लभाचार्यांची बैठक आहे आणि एरवी कुठे सहसा न दिसणारा उभा नंदी आहे. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकलेल्या विद्यार्थ्याचे कौतुक ऐकून लोक पुढे सरकतात. त्याच वर्गात सुदामा नावाचा एक गरीब मुलगा होता, याचा उल्लेख मार्गदर्शकाच्या बोलण्यात येतो, पण ओझरता.

सांदीपनींनी फी शिक्षण संपल्यावर मागितली, आणि तीही समुद्राने गिळलेला आपला मुलगा परत आणून देण्याची. आजच्या उज्जैनमध्ये सांदीपनींच्या नावाने होणारा खर्च आधी मंजूर होतो, मग वापराचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारची वेदविद्येची संस्था त्यांच्या नावाने चालते. मध्य प्रदेश सरकारच्या नव्या मोठ्या शाळांना त्यांचे नाव आहे. मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून सरकारने तिजोरीतून पैसा खर्च करावा, याबद्दल या देशात फारसे दुमत नाही. तो नेमका कशावर खर्च करावा, हा प्रश्न मात्र उज्जैनमध्ये फिरताना पावलोपावली समोर येतो.

चिंतामण गणेशाकडे जाणाऱ्या रस्त्याला महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान आहे. जानेवारी १९८७ मध्ये दिल्लीत त्याची नोंदणी झाली, तेव्हा पी. व्ही. नरसिंह राव मनुष्यबळ विकास मंत्री होते. १९९३ मध्ये प्रतिष्ठान उज्जैनला आले. काम मौखिक परंपरा टिकवण्याचे. पतंजलीने महाभाष्यात वेदांच्या ११३१ शाखा सांगितल्या. आज पठणात टिकून असलेल्या शाखा दहाच्या आसपास आहेत. प्रतिष्ठान देशभरातल्या वेदपाठशाळांना आणि घरी विद्यार्थी ठेवून शिकवणाऱ्या गुरुजींना अनुदान देते. गुरुजींना मानधन मिळते, मुलांना दरमहा विद्यावृत्ती. सात वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पाच वर्षांनी वेदभूषण आणि पुढच्या दोन वर्षांनी वेदविभूषण. प्रतिष्ठानच्या शिक्षण मंडळाच्या या परीक्षा आता दहावी-बारावीच्या समकक्ष मानल्या जातात. वेदपठणाची परंपरा २००३ मध्ये युनेस्कोनेही मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवली.

सार्वजनिक पैशातून वेद शिकवणे घटनेत बसते का, हा प्रश्न नवा नाही. संविधानाचे २८ वे कलम म्हणते की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मोपदेश देता येणार नाही, आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत तो कोणावर सक्तीने लादता येणार नाही. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. ज्या संस्कृत महाविद्यालयात वेद, स्मृती, उपनिषदे शिकवली जातात त्यांचे काय, असे बंगालच्या लक्ष्मीकांत मैत्रांनी विचारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर आजही उपयोगी आहे. धर्माची मते मनात रुजवणे वेगळे आणि धर्मग्रंथांचा अभ्यास वेगळा, असा भेद त्यांनी केला. कर सगळ्या धर्मांचे लोक भरतात, मग त्यातून एकाचीच शिकवण कशी द्यायची, हा मुद्दाही त्यांनी त्याच चर्चेत मांडला.

या कसोटीवर पाहिले तर वेदविद्येचा खर्च म्हणजे एका कठीण आणि विरळ होत चाललेल्या विद्येला दिलेला आश्रय ठरतो. त्यावर वाद घालायचा असेल तर तो वारसा जतनाचा वाद म्हणून घालावा. कोणत्या मुलांना ही विद्या मिळते आणि कोणत्या घरांतून ती येतात, हेही जरूर विचारावे. पण देशातल्या सगळ्या मुलांच्या चारित्र्याची सोय या खर्चात आहे, असा दावा कोणी करू नये. स्वर, मात्रा, पद, क्रम, जटा, घन यांची शिस्त विलक्षण असते. पण त्या शिस्तीतून शेजाऱ्याशी माणूस कसा वागेल, याची हमी मिळत नाही.

राज्य सरकारचे उत्तर वेगळे आहे. २०२१ मध्ये मध्य प्रदेशने सीएम राइज नावाची योजना आणली. एकेका परिसरात एक मोठी, सुसज्ज सरकारी शाळा, मुलांना आणायला बस, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान, निवडून घेतलेले शिक्षक. एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी या शाळांचे नाव सांदीपनी विद्यालय केले. यादव उज्जैनचेच, त्यामुळे नावाचे कोणाला नवल वाटले नाही. त्याच सुमारास महाकाल मंदिराजवळच्या महाराजवाड्याचेही रूप पालटत होते. शिंदेकालीन या इमारतीत वर्षानुवर्षे सरकारी शाळा भरत होती. महाकाल लोकच्या विस्तारात तिचे हेरिटेज हॉटेल झाले. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला मुक्काम हलवेपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. राजधानी गेली तरी मराठी घरे राहिली आणि त्यांच्यातल्या कित्येकांची मुले सरकारी शाळांतच शिकली.

सांदीपनी शाळांच्या जमाखर्चात ‘संस्कार’ हे वेगळे शीर्षक सापडत नाही. पण उज्जैनपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात या योजनेतले सर्वांत बोलके उदाहरण आहे. रतलामची विनोबा शाळा. २०२४ मध्ये तिला नवोपक्रमासाठीचा ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कार मिळाला. शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहायचे, त्यावर बोलायचे, एकमेकांना सुधारायचे, ही तिथली पद्धत कौतुकाचा विषय ठरली. म्हणजे मुलांना नीतिपाठ देण्याआधी शाळेने शिक्षकांच्या आपसातल्या वागण्यावर मेहनत घेतली.

शाळेच्या नावातले विनोबा या प्रश्नावर फार आधी बोलून गेले आहेत. शिक्षण सरकारच्या ताब्यात असू नये, हे त्यांचे मत सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा दाखला मात्र कमी लोकांच्या लक्षात असतो. न्यायाधीशाचा पगार सरकारी तिजोरीतून होतो, तरी निकाल काय द्यायचा हे सरकार सांगत नाही. शिक्षकाचेही तसेच असावे, असे ते म्हणत. पैसा सरकारचा, विवेक शिक्षकाचा. १९६८ मध्ये त्यांनी आचार्यकुल सुरू केले त्यामागे हाच विचार होता. संस्कारांवरच्या सरकारी खर्चाची घडण नेमकी याच्या उलट असते. कोणत्या वारी कोणते मूल्य घ्यायचे, हे परिपत्रकात येते. शिक्षकाने फक्त अहवाल भरायचा.

मध्य प्रदेशात हा प्रयोग ‘आनंद’ या नावाने झाला. २०१६ मध्ये राज्याने आनंद विभाग स्थापन केला. असे खाते काढणारे ते देशातले पहिले राज्य. त्याच्या राज्य आनंद संस्थानाने शाळांत मोठ्या मुलांसाठी ‘आनंद सभा’ सुरू केल्या. पुढे सरकार बदलले तेव्हा आनंद आणि धर्मस्व एकत्र करून अध्यात्म विभाग झाला. खात्याचे नाव बदलले की कार्यक्रमाचे फलक बदलतात आणि फाइल नव्या टेबलावर जाते. तिकडे वर्गातल्या मास्तरांना मतदार याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि माध्यान्ह भोजनाच्या हिशेबातून सभेसाठी तास काढायचा असतो.

आपल्याकडेही चित्र निराळे नाही. महाराष्ट्रात १९९७ पासून मूल्यशिक्षण शाळेच्या वेळापत्रकात आले. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दहा मूल्ये ज्यांनी परिपाठात घोकली, ती मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. सुविचार फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचा, दिनविशेष सांगायचा, बोधकथा वाचायची. हे वाईट होते असे नाही. चांगल्या शिक्षकाच्या हाती परिपाठ रंगायचाही. पण ज्या शाळेत मुली वर्ग झाडतात आणि मुलगे मैदानावर असतात, तिथे स्त्री-पुरुष समानतेवरची बोधकथा मुलांना गंमत म्हणूनच ऐकू येते. शांतिलाल मुथ्थांचा मूल्यवर्धन कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत सुरू झाला, तो या अनुभवानंतर. त्यात भर गोष्टींपेक्षा गटात करायच्या कृतींवर आणि संविधानातल्या मूल्यांवर होता. पुढे सरकारने तो राज्यभर नेला. बीडचे वेगळेपण कृतीत होते. तो कार्यक्रम सगळीकडे पसरताना कृतीपेक्षा पुस्तिका पुढे जाते की काय, ही धास्ती मात्र कायम राहते.

नीतीचे पुस्तक सरकारने काढावे का, यावर मराठी माणसांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वीच मत दिले आहे. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने दोन शिफारशी केल्या. नैसर्गिक धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिपुस्तक तयार करून ते कॉलेजांत शिकवावे, आणि माणसाची व नागरिकाची कर्तव्ये या विषयावर दरवर्षी व्याख्याने द्यावीत. आयोगाचे एक सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी याला लेखी विरोध नोंदवला. तेलंग धर्माला विन्मुख होते म्हणून नव्हे. त्याच १८८२ मध्ये मॅक्स म्युलरच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेत त्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. गीता जगापुढे ठेवणाऱ्या या माणसाला सरकारी नीतिपाठ मात्र नको होता. शेवटी सरकारनेही ते पुस्तक काढले नाही.

आणि त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांचे निवेदन गेले. त्यांनी बोट ठेवले ते पैशावर. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामातून भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, म्हणून प्राथमिक शिक्षणाकडे वळा. तेलंगांनी विचारले, मुलांना काय शिकवता? फुल्यांनी विचारले, बाकावर कोणाला बसवता? या दोन प्रश्नांपैकी पहिला आपण आजही उत्साहाने चघळतो. दुसरा अंदाजपत्रकाच्या वेळी आठवतो.

पहिल्या प्रश्नाची पुढची फेरीही मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाली. शंकरराव चव्हाणांच्या संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. सत्य, धर्म, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये सांगितली, आणि सर्व धर्मांची मूलभूत ओळख मुलांना व्हावी असे सुचवले. त्या आधारे २००० मध्ये एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा आराखडा केला. अरुणा रॉय आणि इतरांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १२ सप्टेंबर २००२ च्या निकालात धर्मांची ओळख करून देणे म्हणजे धर्मोपदेश नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. न्या. धर्माधिकारींनी स्वतंत्र निकालपत्रात हाच भेद अधिक उलगडला. आंबेडकरांनी १९४८ मध्ये आखलेली रेषा २००२ मध्ये पुन्हा गिरवली गेली.

पण रेषा कागदावर असली तरी खोडरबर सरकारच्या हातात असते. उज्जैनने हेही पाहिलेले आहे. मराठी घरातले, उज्जैनमध्ये शिकलेले आणि काही काळ तिथे शाळेत शिकवलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले. १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. मुलांनी कोणता भूतकाळ वाचावा हे तिजोरीच्या मालकाने ठरवले. मूल्यशिक्षणाचे पुस्तक छापायला जो पैसा देतो, त्याला उद्या ते मागे घेण्याचा हक्कही मिळतो.

आता व्यवहाराचा प्रश्न. नीतिपाठाने मुले सुधारतात का? अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात सुमारे ११ हजार मुलांची परीक्षा घेतली. कॉपी करायची संधी कधी वर्गात दिली, कधी खेळात, कधी घरी सोडवायच्या पेपरात. एका ठिकाणी प्रामाणिक असलेले मूल दुसरीकडे फसवताना दिसले. बरोबर काय ते ठाऊक असणे आणि तसे वागणे यांचा मेळ फारच सैल निघाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागाने चारित्र्यविकासाच्या सात कार्यक्रमांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. ८४ शाळा, तीन वर्षे. सरासरीने मुलांच्या वागण्यात ठोस फरक आढळला नाही. तरीही इंग्लंडने २०१४ च्या डिसेंबरात चारित्र्यशिक्षणासाठी ३५ लाख पौंडांचे अनुदान जाहीर केले. संस्कारांची योजना जाहीर करायला सोपी असते आणि तिला विरोध करणारा माणूस सापडत नाही.

दिल्लीत मात्र एक प्रयोग न ठरवता झाला. २००७ पासून दिल्लीतल्या सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या उच्चभ्रू खासगी शाळांना काही जागा गरीब मुलांना द्याव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. त्यातली एक चाचणी रिले शर्यतीची होती. संघात जोडीदार निवडायचा. एकीकडे वेगाने धावणारा गरीब मुलगा, दुसरीकडे हळू धावणारा पण आपल्यासारख्या घरातला. बक्षीस लहान असले की बरीच श्रीमंत मुले हरणे पत्करून आपल्यातलाच निवडत. पण ज्यांच्या वर्गात गरीब मुले शिकत होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी झाला होता. ती मुले दान करताना हात सैल सोडत, धर्मादाय कामाला स्वतःहून जास्त वेळ देत. इंग्रजीच्या गुणांवर थोडा परिणाम झाला आणि वर्गात शिवराळ बोलणे थोडे वाढले. पालकांच्या तक्रारवहीत शिव्या नोंदल्या जातात. जोडीदाराची निवड कुठेच नोंदली जात नाही.

दिल्लीच्या वर्गात काय झाले? कृष्ण आणि सुदामा एका बाकावर बसले. त्यासाठी कोणाला बोधकथा वाचावी लागली नाही.

हा बाक देशभर घालायची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. सरकारने त्यांची फी शाळेला परत करायची: शाळेची प्रत्यक्ष फी किंवा सरकारचा दर विद्यार्थी खर्च, यातली कमी असेल ती. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. उज्जैनमध्येही दरवर्षी या जागांची ऑनलाइन सोडत निघते. सरकारी कागदावर याला चारित्र्यशिक्षण म्हणत नाहीत. शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात.

आणि महाराष्ट्राने याच तरतुदीचे काय केले? ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने नियम बदलले. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या जबाबदारीतून मोकळे केले. शहरांत अशी शाळा बहुतेक ठिकाणी सापडतेच, म्हणजे सुदाम्याला दारातूनच परत पाठवण्याची सोय झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मेमध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल घटनाबाह्य ठरवून रद्द केला. त्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत उभे असलेल्या पालकांचे महिने मात्र वाया गेले. बदलाच्या बाजूने खर्चाचा युक्तिवाद होता. शाळांची प्रतिपूर्ती थकते, थकलेल्या पैशामुळे शाळा प्रवेश द्यायला कुरकुर करतात, मग सरकार बाकच काढून टाकते.

दुपारच्या पंगतीचा खर्चही याच जातीचा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेत शिजवलेले जेवण द्या असा आदेश दिला. २० एप्रिल २००४ रोजी सांगितले की स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. वेगवेगळ्या राज्यांत पालकांनी दलित स्वयंपाकीणबाईच्या हातचे अन्न नाकारल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे आल्या. त्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः पहिला घास घेतात की बाईंची बदली करतात, यावर त्या शाळेतल्या मुलांचे समतेचे शिक्षण ठरते. तिथे पहिला घास घेणाऱ्या मुख्याध्यापकाला वरून पाठिंबा मिळतो का, की ‘वातावरण बिघडवले’ म्हणून नोटीस? विनोबांनी न्यायाधीशाचा दाखला दिला तो अशाच दिवसासाठी.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सेवा, अहिंसा, स्वच्छता, सत्य, निष्काम कर्म, सहिष्णुता अशी मूल्यांची लांब यादी दिली. यादीशी भांडण नाही. भांडण जमाखर्चाशी आहे. पुढच्या अंदाजपत्रकात कोणत्याही राज्याने संस्कारांसाठी पैसे बाजूला काढले तर आमदारांनी पुस्तिकांची संख्या विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. २५ टक्क्यांच्या किती जागा भरल्या? शाळांची प्रतिपूर्ती किती वर्षांची थकली आहे? शाळेच्या पंगतीत कोण कुठे बसते, हे तपासायला शेवटचे कोण गेले होते? आणि चांगल्या निर्णयासाठी अडचणीत आलेल्या किती शिक्षकांच्या पाठीशी खाते उभे राहिले?

सरकार मुलांना सत्य बोला, वचन पाळा असे शिकवू पाहते. शाळेला दिलेले प्रतिपूर्तीचे वचन ते स्वतः वेळेवर पाळत नसेल, तर गरीब मुलाच्या आईबापांना शाळेच्या कार्यालयात उभे राहून ते कळते. मुलगा शेजारीच उभा असतो. त्याला सरकारच्या चारित्र्याचा पहिला धडा तिथेच मिळतो, आणि त्या धड्यापुढे छापलेल्या पुस्तिकेचे काही चालत नाही. संस्कारांसाठी नवे शीर्षक उघडण्याआधी थकबाकीचे जुने शीर्षक मिटवा. पैसा तिथेच आधी लागायला हवा.